उन्हाचं व्रत

कौशल्याबाईंनी हात सोडला. झटकला नाही, ओढून घेतला नाही. नुसता सोडला, हातातलं ओलं फडकं नकळत गळून पडावं तसा. रिंगण फिरतच होतं. बारा मास्तरणी एकमेकींचे हात धरून तळ्याजवळच्या मैदानात धावत होत्या, मधोमध उभ्या असलेल्या तपासनीस बाई शिट्टी फुंकत होत्या, दवानं भिजलेल्या गवतात पायांचा फतफत आवाज होत होता, आणि मनकर्णेचा डावा हात मोकळा पडून वाऱ्यात लोंबत होता. तिनं त्या हाताकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तुरीच्या कापलेल्या धसांतून अनवाणी चालताना तळव्यांना टोचतं तसं आधी मनगटाला टोचलं होतं, मग ते टोचणं सरकत सरकत कोपरापर्यंत चढलं होतं, मग कातडीच्या आत कुणी चूल पेटवावी तशी आग, आणि वरून वारा गार. बांगड्या आवळल्या होत्या. खालचा ओठ परक्याचा असावा तसा जड झाला होता. एकोणीस वर्षांत तिनं हे कुणाला दिसू दिलं नव्हतं, निदान तिची तशी समजूत होती. आणि आज उजाडता उजाडता, बारा बायांच्या रिंगणात, बाह्या कोपराच्या वर दुमडून, ती सरकारी हुकमानं ते जगाला दाखवत पळत होती.

हुकूम नागपूरचा होता. लढाई सुरू होऊन दुसरा हिवाळा लागला होता आणि सरकारला एकाएकी आठवलं होतं की मास्तरणींनाही हातपाय असतात. जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळांवरच्या बायांनी तीन आठवडे बुलढाण्याला जमावं, सूर्य उगवायच्या आत मैदानात हजर व्हावं, पदर खोचावा, धावावं, कवायत शिकावी आणि मग तीच आपापल्या पोरींना शिकवावी. ज्यानं हा कागद लिहिला तो शेगडीला पाय लावून लिहीत बसला असणार. बुलढाणा घाटमाथ्यावर आहे, मार्गशीर्षातला इथला वारा खाली मलकापूरकडून आलेल्या माणसाला रडवतो, हे त्या कागदाला कुठून ठाऊक असायचं. पहिले चार दिवस आभाळ आलेलं होतं, हवा दमट आणि कोंदट होती, म्हणून निभावलं. पाचव्या दिवशी आभाळ निवळलं आणि वारा सुटला. मनकर्णा घरून निघाली तेव्हाच तिच्या कानाच्या पाळ्यांनी तिला सांगितलं होतं, आज जाऊ नकोस. पण गैरहजर राहिलेल्या बाईचं नाव वर जातं, आणि वर गेलेलं नाव खाली येताना नोकरी घेऊन येतं.

शिट्टी थांबली. "रिंगण का तुटलं?" तपासनीस बाईंनी विचारलं. कौशल्याबाई मलकापूरच्या, मनानं वाईट नव्हत्या, त्यांनी नुसतं म्हटलं, "बाई, यांचा हात पाहा." सगळ्यांनी पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरक्या गाठी उठलेल्या, भोवती लाल, एक दुसरीत मिसळलेली, जणू कुणी कणकेचे गोळे कातडीखाली सारले होते. मेहकरच्या मास्तरणीनं पदर नाकाला लावला. आणि मग महारोगाचा तो शब्द आला, कुणाच्या तोंडून ते कळलं नाही, पुटपुटल्यासारखा: "रगतपिती दिसते, माय." तपासनीस बाई दोन पावलं पुढे आल्या, एक पाऊल मागे गेल्या. "घरी जा. उद्या दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय इथंही यायचं नाही आणि शाळेतही पाय ठेवायचा नाही."

ती निघाली तेव्हा कुणी अडवलं नाही आणि कुणी सोबत आलं नाही. तिनं बाह्या खाली ओढल्या. सुजलेल्या हातावरून त्या ओढताना कापड करवतीसारखं लागलं. तो शब्द तिच्याबरोबर चालत होता. शब्द जुना होता, ओळखीचा होता, आधी तिनं तो देऊळगाव राजाला नदीच्या काठावर ऐकला होता. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, सासरी नांदायला येऊन पुरता महिना झाला नव्हता. कार्तिक लागला तसं सासूनं तिला पहाटे अंधारात उठवलं आणि कार्तिकस्नानाला नेलं. नव्या सुनेनं महिनाभर नदीत बुडी मारली म्हणजे घराचं कल्याण होतं, अशी त्यांच्याकडची रीत. घराच्या कल्याणासाठी बुडी सुनेनंच मारायची असते, ज्यांचं कल्याण व्हायचं असतं त्यांनी रजईत झोपायचं असतं. पहिल्या बुडीला श्वास अडकला. दुसऱ्या बुडीला सगळं अंग आतून कुणी फुंकर घालून फुगवावं तसं ताणलं गेलं, घसा बंद झाला, आणि काठावरच्या बायांच्या हातातले दिवे लांब लांब गेले. शुद्धीवर आली तेव्हा ती वाळूत पडलेली होती आणि बाया तिच्याभोवती गोल करून उभ्या होत्या. गोल चांगला मोठा होता. सासू म्हणाली, "देवानंच दाखवलं बापा, नाही तं आमी तिच्या हातचं जेवलो असतो."

सूर्य वर आला तशा गाठी विरून गेल्या, अंग पहिल्यासारखं झालं. पण पाहणारांनी पाहिलं होतं, आणि जे पाहिलं ते पुसायला कुणाचीच तयारी नव्हती. त्या घरात नऊ माणसं होती. त्या नवांपैकी एकाला वाटलं नाही की विचारावं, पोरी, तुला काय होतं, कधीपासून होतं, दुखतं का. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. तिचा नवरा किसनराव धुरकरी होऊन बसला. जानेफळपर्यंतच्या सगळ्या वाटेत तो बैलांशी बोलला. चांगला बोलत होता बैलांशी, प्रेमानं. तिनं त्याचा आवाज एवढा वेळ त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. गाडीतून उतरताना तिला वाटलं होतं, आता तरी हा मान वळवील. तो उतरला, बैलाच्या पायात रुतलेला खडा काढला, आणि गेला.

जानेफळला बाप कडूबा दारातच उभा होता. त्यानं तिला आत घेतलं, पण त्या क्षणापासून त्याची नजर तिच्या हातापायांवरून फिरायची, शेतात टोळधाड पडली की काय हे पाहावं तशी. गाव तर गावच होतं. विहिरीवर ती गेली की इतर बायांना एकाएकी घरची कामं आठवायची. त्या हिवाळ्यात एकच माणूस तिच्याशी माणसासारखं वागलं, ती तिची आत्या, गोजरबाई. विधवा, तोंडानं फटकळ, भावाच्या घरात पडेल ते काम करून राहिलेली. मनकर्णा घरी आली त्या पहिल्याच रात्री गोजरबाईनं आपली घोंगडी आणून तिच्या अंगावर टाकली आणि त्याच घोंगडीत स्वतःही शिरली. "आत्या, तुले बी होईन," मनकर्णा म्हणाली. "होऊ दे नं," गोजरबाई म्हणाली, "मले झालं तं खरं म्हनू. नाही झालं तं त्याईच्या तोंडात माती." आणि घोरायला लागली. होळी येईपर्यंत दोघी त्या एका घोंगडीत झोपल्या. त्या घोंगडीचा बोकडासारखा वास, आत्याच्या अंगाची कोरडी ऊब, पाठीला टोचणारे जाड केस, हे सगळं आज एकोणीस वर्षांनी बुलढाण्याच्या रस्त्यानं एकटी चालताना मनकर्णेच्या नाकात आलं, आणि सुजलेल्या ओठावर खारट लागलं तेव्हा तिला कळलं की आपण रडतो आहोत. आणि तेही दुःखानं नाही. गोजरबाई मरून सहा वर्षं झाली होती. होळीनंतर गोजरबाईनं आपली दोन्ही कानांतली फुलं विकून तिला अमरावतीला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवलं होतं. मनकर्णेनं तिला कधी म्हटलंच नव्हतं, आत्या, तुझे उपकार आहेत. असं कुणी म्हणतं का घरच्या माणसाला. म्हणायला हवं होतं, असं आता वाटत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

अमरावतीला शिकण्यात सात-आठ वर्षं गेली; तिथं ऊन होतं, हिवाळा नावापुरता. नोकरी लागली ती मात्र बुलढाण्याला, घाटावर. पहिल्या हिवाळ्यात ती घाबरून गेली. पहाटे पाण्यात हात घातला की हात गेला. मग तिनं आपलं आयुष्य त्या कातडीच्या मापानं बेतून घेतलं: ऊन चढल्याशिवाय पाण्याला शिवायचं नाही, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायचं, डोक्यावरून आणि गळ्याभोवती पदर गच्च घ्यायचा, पहाटे कुणाकडे पूजेला, काकड्याला, कशालाच जायचं नाही. लोक विचारतील, काय सांगायचं, या धास्तीनं ती आजारी पडायची वेळ आली होती. पण कुणी विचारलंच नाही. उलट दुसऱ्याच महिन्यात तिच्या कानावर आलं की मास्तरीणबाईंचं उन्हाचं व्रत आहे. सूर्यनारायण दिसल्याशिवाय त्या पाण्याला शिवत नाहीत आणि अंगाला वारा लागू देत नाहीत. तिला आधी हसू आलं. काय अडाणी लोक आहेत, तिनं मनाशी म्हटलं, आपणच गोष्ट रचतात आणि आपणच पाया पडतात. मग तिनं ती गोष्ट खोडली नाही. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जे कुणी देत नाही ते तिला व्रताच्या नावानं मिळायला लागलं. संक्रांतीला तीळगूळ यायचा, नवी सून तिच्या पाया पडायला आणायचे, आजारी पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला बोलवायचे. अकरा वर्षं तिनं ते खाल्लं. खोटं पचतं, कडू लागत नाही. ही त्यातली वाईट गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. खोली उबदार होती, कोपऱ्यात पाणी उकळत होतं, आणि हातावर काही म्हणजे काही नव्हतं. "कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मनकर्णेनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, नदी, घोंगडी, वारा, बाह्या, आणि बोलता बोलता तिची शाळेतली भाषा सुटून जानेफळची भाषा कधी तोंडात आली तिला कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी बाहेरच्या माठातलं पाणी आणवून ओलं फडकं तिच्या हातावर ठेवलं, थोड्या वेळानं उचललं, आणि कातडी डोळ्यादेखत वर येताना पाहत बसल्या, पीठ फुगताना पाहावं तशा. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. त्यांनी टाचणी घेतली. "टोचलं?" "टोचलं." "आता?" "आता बी." "इथं?" "लागते नं बाई," मनकर्णा म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. "रगतपितीत कातडी मेलेली असते. सुई घातली तरी कळत नाही. तुमची तर नको तितकी जिवंत आहे. हे थंडीचं पित्त. कुणाला लागत नाही, कुणाकडून येत नाही. गार पाण्यात एकदम उतरू नका, त्यानं मात्र जीव जाईल. बाकी काही नाही."

बाकी काही नाही. मनकर्णा कागद हातात घेऊन पायरीवर बसली. एक टाचणी. टाचणी नव्हती तर बाभळीचा काटा, देऊळगावात काय बाभळी नव्हत्या? त्या नवांपैकी एकानं एक काटा मोडून तिच्या हाताला टोचला असता आणि ती आई गं म्हणाली असती, तर एकोणीस वर्षं वाचली असती. कुणाला काटा टोचायचाही हात लावायचा नव्हता. तिला संताप आला, आणि गंमत म्हणजे त्या संतापाच्याही खाली काहीतरी वेगळंच होतं, ऊबेसारखं. आपली कातडी जिवंत आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती अंगावरची कातडी तिनं आजवर दुश्मनासारखी झाकली होती. बिचारी ती नुसती ओरडत होती, गार आहे, गार आहे म्हणून.

कागद पाहून तपासनीस बाईंनी मान हलवली. "ठीक आहे. पहाटेची कवायत तुम्हाला माफ. पण शाळेचं मी आत्ताच सांगत नाही. गावात बोललं जातंय. सोमवारी अकरा वाजता मी पट पाहायला येईन. एकतीस पोरी आहेत ना तुमच्याकडे? निम्म्या नसतील तर दुसरी बाई पाठवा म्हणून मला लिहावं लागेल." त्या वाईट बोलत नव्हत्या. सरळ बोलत होत्या. शनिवारी शाळा उघडली तेव्हा चार पोरी आल्या.

रविवारभर मनकर्णा खोलीत बसून होती. सोमवारी ऊन अंगणात यायच्या आधीच रुखमाबाई आली. रुखमाबाई शाळेची नोकर. सकाळी घरोघर फिरून पोरी गोळा करून आणायच्या आणि संध्याकाळी घरोघर पोचवायच्या, हे तिचं काम. साठीची, दोन दात उरलेली, आणि त्या दोन दातांतून सगळ्या गावाला बोलणारी. ती उंबऱ्यावर टेकली.

"शनवारच्या चार," ती म्हणाली, "त्यातल्या दोन माह्या नाती. त्याईले काठी दाखवून आनलं व्हतं. आज त्या बी कुरकुर करून राह्यल्या."

"पण डॉक्टरांचा कागद आहे ना. तुम्ही सांगितलं का कागदाचं?"

"सांगतलं. कागद वाचते कोन, बाई? वाचाले शिकवाले तं तुमाले आनलं." रुखमाबाईनं पायातला काटा काढल्यासारखं तोंड केलं. "अन् आता रगतपितीचं कोनी बोलत बी नाही. आता निराळंच हाये. म्हंते का बाईनं सरकारच्या पायी व्रत मोडलं. सूर्याच्या आंधी अंग उघडं केलं, म्हनून अंगावर उठलं. अन् व्रत मोडलेल्या बाईपुढं पोरी बसवल्या तं त्याईच्या घरावर येईन. त्याले डाक्टरचा कागद काय करीन?"

 मनकर्णा म्हणाली, "व्रत नव्हतंच, रुखमाबाई. लोकांनीच काहीतरी उठवलं आणि मी गप्प राहिले."

"लोकाईनं नाही उठवलं," रुखमाबाई म्हणाली. "म्या उठवलं."

अंगणातल्या पेरूवर चिमण्या भांडत होत्या. त्यांचं भांडण मनकर्णेला फार मोठ्यानं ऐकू आलं.

"तुमी आल्या त्याच हिवाळ्यात. किल्ली न्याले आलती म्या सकाळी. दार लोटलेलं व्हतं. तुमी मोरीत हात धुऊन राह्यल्या व्हत्या, अन् हात असे," तिनं आपल्या वाळक्या हातांभोवती हवेत जाडी दाखवली, "अन् तुमी तोंडात पदराचा बोळा कोंबून रडून राह्यल्या व्हत्या, आवाज येऊ नये म्हनून. मंग म्या उलट्या पायी बाहेर गेली, फाटकाजवळ जाऊन खोकली, लय खोकली. तुमी बाहेर आल्या तवा बाह्या खाली व्हत्या. त्याच दिवशी विहिरीवर बाया लागल्याच विचाराले, का वं, तुह्यी बाई उन्ह पडेपर्यंत अशी गुंडाळून काऊन बसते? आता काय सांगू? म्हंतलं, व्रत हाये. बामनाईच्या व्रताले कोनी विचारत नाही, मंग आमच्या बाईच्या व्रताले काऊन विचारता?"

"मला कधी सांगितलं नाही."

"तुमी मले सांगतलं व्हतं?"

 अकरा वर्षं मनकर्णा समजत होती की तिचं गुपित तिनं राखलं; तिच्या हुशारीनं, तिच्या बाह्यांनी, तिच्या सावधपणानं. आणि ज्या लोकांना ती मनात अडाणी म्हणत होती त्यांच्यातल्याच एका बाईनं, जिला सही करता येत नव्हती, पगाराच्या कागदावर जी अंगठा उठवत होती, तिनं ते उचलून आपल्या पदरात बांधलं होतं आणि रोज सकाळी तिच्यासमोर येऊन किल्ली मागितली होती. एका शब्दानं जाणवू दिलं नव्हतं. आभार हा शब्द मनकर्णेला ठाऊक होता, सभेच्या शेवटी तो मानतात. तो इथं काढला असता तर रुखमाबाई तोंडावर पदर घेऊन हसली असती. आणि दुसरा शब्द तिच्याजवळ नव्हता. एका बाईच्या घोंगडीत तिचं पहिलं आयुष्य गेलं होतं आणि दुसऱ्या बाईच्या खोट्यात दुसरं, आणि दोघींना द्यायला तिच्या सगळ्या शिक्षणात एक शब्द नसावा याची तिला लाज वाटली.

"चाला," रुखमाबाई उठली. "मी सांगते त्याईले, माह्यं खोटं व्हतं."

"तुम्हाला शिव्या देतील."

"देऊ द्या. माह्या शिव्यांचा माल बी भरपूर हाये."

"मी पण येते," मनकर्णा म्हणाली. तिनं अंगावर लोकरीची धाबळी घेतली नाही. दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर तिनं बाह्या दुमडल्या, आधी कोपरापर्यंत, मग त्याच्याही वर. वारा होताच.

पहिलं घर भाजीवाल्या मोतीरामचं. तो बाजारात गेलेला होता. त्याची बायको वच्छलाबाई अंगणात रांजणाशेजारी बसून मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती, सासू भिंतीला टेकून उन्हाच्या पहिल्या पट्ट्यात बसली होती. शेजारच्या दोघी तिघी मेथी निवडायला आलेल्या होत्या. मनकर्णेला पाहून सगळ्यांचे हात थांबले. वच्छलाबाईची गंगू दारात उभी होती, ती आत ओढली गेली.

"पोरगी पाठवा," रुखमाबाई म्हणाली.

"तिले बरं नाही."

"मंग तिनं जीभ काऊन दाखवली मले आत जाताना? वच्छे, आईक. बाईनं व्रत मोडलं नाही. मोडाले ते व्हतंच कुठं? विहिरीवर म्या सांगतलं ते खोटं व्हतं. म्या केलतं."

 वच्छलाबाई सावकाश उभी राहिली. हातातून पाणी गळत होतं. ती रुखमाबाईकडे बघत नव्हती, मनकर्णेकडे बघत होती. "खरं हाये, बाई?"

"खरं आहे," मनकर्णा म्हणाली. "रुखमाबाईनं माझ्यासाठी केलं, आणि मी अकरा वर्षं गप्प बसून ते खाल्लं. चूक माझी आहे, त्यांची नाही."

"आमी तुमच्या पाया पडलो." वच्छलाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले. "माह्या बाळंतपनात सासूनं तुमाले बोलावून माह्या पोटावर तुमचा हात ठेवला."

"बाळंत तं झाली नं चांगली," रुखमाबाई म्हणाली. "हात तं खराच व्हता."

म्हातारी भिंतीला टेकून हसली. वच्छलाबाई हसली नाही. मनकर्णेला कळलं की आता बोलून काही होणार नाही. तिनं रांजणावरचा पितळेचा गडू उचलला, रांजणात बुडवून भरला, आणि उलटी वळून उन्हात आली नाही, तिथंच सावलीत उभी राहून त्याचं बूड आपल्या उघड्या हातावर टेकवलं. गार. इतकं गार की दाढा वाजल्या. सोळा वर्षांची असताना जानेफळला ती माळ्यावर लपून हेच करायची. घागर मांडीवर टेकवायची आणि गोल उठताना पाहायची, विरताना पाहायची, पुन्हा पाहायची, कुणाला तरी दाखवावं असं वाटायचं आणि दाखवायला जीव धजायचा नाही. आता अंगणातल्या सगळ्या बाया नकळत जवळ आल्या होत्या. तिनं गडू उचलला. आधी काहीच नव्हतं. मग कातडीवर गडूच्या बुडाचा गोल उमटला, लाल, मग त्या गोलाच्या आत कातडी वर आली, पांढरी, टम्म, अगदी गडूच्या मापाची.

"माय वं," एक म्हणाली.

"थंडी लागली की असं होतं," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज शाळेतला होता, फळ्याजवळचा. "ऊन लागलं की जातं. कुणाला लागत नाही. देवाचं काही नाही त्यात. पंधराव्या वर्षापासून आहे. ह्यापायीच मला नवऱ्यानं टाकलं, व्रताच्या पायी नाही."

म्हातारी उठून आली. तिनं आपल्या जाड बोटानं तो गोल दाबला. एकोणीस वर्षांत त्या गाठीवर डॉक्टरीणबाईंखेरीज कुणाचं बोट पडलं नव्हतं. म्हातारीनं दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "खाजते?"

"फार."

"मंग खाजव नं बाई," म्हातारी म्हणाली, "काऊन अशी कोंडून धरते? माह्या थोरल्या बहिनीले असंच व्हये. शेताले गेली का तोंड फुगून भोपळ्यासारखं. आमी तिले हसत व्हतो." मग तिनं गडू घेतला, आपल्या हातावर टेकवून पाहिला, वाट पाहिली, आणि हिरमुसली. "आमच्या अंगात काही राह्यलंच नाही आता."

मनकर्णेनं खाजवलं. नखं लावून, मनगटापासून कोपरापर्यंत, चार बायांच्या देखत, डोळे मिटून. बाया पाहत राहिल्या. मग वच्छलाबाईनं तिच्या हाताला धरून तिला ओढलं, जोरानं, रागानंच, आणि उन्हाच्या पट्ट्यात उभं केलं. "उभ्या राहा इथं. मले पाहू द्या जाते का." सगळ्या पाहत राहिल्या. गोल आधी सपाट झाला, मग गुलाबी, मग पुसट. वच्छलाबाईनं तेवढ्या वेळात तिचा हात सोडला नव्हता. तिच्या हाताला मेथीचा वास होता. "लय दिवस फसवलं तुमी आमाले," ती म्हणाली, आणि आत वळून हाक मारली, "गंगे, दप्तर घे."

दुसऱ्या दारात रुखमाबाईला फारसं बोलावं लागलं नाही. मेथी निवडणाऱ्या बाया आधीच भिंतीवरून बोलल्या होत्या. तिथं गडू मिळाला. तिसऱ्या दारात कुणी दार उघडलं नाही. चौथ्यात एका बाईनं रुखमाबाईला खूप सुनावलं, रुखमाबाईनं दीडपट सुनावलं, आणि दोन पोरी मिळाल्या. पाचव्यात गडू नव्हता, तांब्या होता. मनकर्णेचे दोन्ही हात गोल गोल ठशांनी भरून गेले, काही नवे, काही विरत चाललेले, वारा त्यांवरून जात होता आणि अंग पेटलेलं होतं, आणि तिला लहान पोरीसारखं वाटत होतं, जत्रेत हात रंगवून घेतलेल्या. मागं पोरींची रांग लांबत होती. त्या आपसात कुजबुजत होत्या, कोणता ठसा कोणत्या घराचा यावर त्यांचं भांडण लागलं होतं. वाण्याच्या घरातून सोळावी पोर निघाली, एक वेणी घातलेली आणि एक मोकळी, आईनं मागून फणी भिरकावलेली. सोळा. एकतीसमधल्या सोळा, म्हणजे निम्म्याच्या वर. मनकर्णेच्या पायांनी ते तिच्या आधी ओळखलं; ते भरभर चालायला लागले, पुढच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तिला घेऊन गेले.

"हळू चाला, बाई," मागून रुखमाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "अजून बरेच दारं राह्यले. अन् मले काही तुमच्यावानी नवं अंग फुटलं नाही."

मनकर्णा थांबली. बाह्या खाली न ओढता ती गल्लीच्या तोंडाशी वाऱ्यात उभी राहिली, रुखमाबाई जवळ येईपर्यंत.